रात्रपाळीचा शेजारी

मुलुंड, ठाणे, बोरिवली, गोरेगाव... यांपैकी कुठे डोंगराच्या अंगाला घर असेल, तर एखाद्या रात्री अकरानंतर कुत्र्यांकडे कान द्या. एरवीचं भुंकणं वेगळं आणि हे वेगळं. सगळी टोळी एकाच दिशेला तोंड करून भुंकू लागते, आवाज चिरका होत जातो आणि मग एकदम चिडीचूप. सकाळी कुणीतरी सोसायटीचा सीसीटीव्ही मागे नेऊन बघतं. पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या मधून लांब शेपटीचं एक जनावर सावकाश चालत गेलेलं असतं. कुठेही घाई नाही. कंपाउंडच्या भिंतीशी आल्यावर क्षणभर थांबून वर नजर, आणि पुढच्या क्षणी भिंत मोकळी.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला खाडी, बाकी सगळीकडून शहर भिडलेलं. तरी २०१५ साली इथे आणि लगतच्या आरेच्या पट्ट्यात कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे निघाले. २०२४ च्या मोजणीत ५४! जगात फार थोड्या ठिकाणी बिबटे इतक्या दाटीने राहतात, आणि त्यातलं एक ठिकाण लोकलच्या स्टेशनापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

ही मोजणी कशी होते? बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यात आणखी एक गंमत म्हणजे एकाच बिबट्याच्या डाव्या कुशीवरची नक्षी उजवीकडे नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरे समोरासमोर बांधतात. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचा फोटो एकदम मिळतो. मग माणसं दिवसचे दिवस बसून ठिपके जुळवतात.

तो खातो काय, हेही असंच शोधावं लागतं. वाटेवर पडलेली वाळकी विष्ठा फोडली की आत केस सापडतात. चितळाचा केस, कुत्र्याचा केस, डुकराचा केस सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे ओळखू येतात. २०१८ च्या एका शोधनिबंधाने हिशेब मांडला, की इथल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा असावा, म्हणजे वर्षाला जवळपास १,५०० कुत्री. त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारभर प्रसंग टळत असावेत, असाही त्या संशोधकांचा अंदाज होता. अंदाजच तो, पण थक्क करणारा.

आणि हे सगळं आपल्याला पत्ता लागू न देता चालतं. चालताना त्याच्या नख्या पंजात मिटलेल्या असतात, मागचा पाय बरेचदा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. चाहूल लागणार तरी कशी? छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरेतल्या वारली आदिवासींच्या वस्तीतल्या एका बोळात कॅमेरा लावून महिनोन्‌महिने वाट पाहिली, तेव्हा कुठे घरांच्या भिंतींमधून निघालेला बिबट्या टिपता आला. त्या छायाचित्राला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. वारल्यांना मात्र त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. त्यांचा देव वाघोबा आरेतही शेंदूर लावून बसलेला आहे, आणि वाघ काय, बिबट्या काय, दोघंही त्यांच्या लेखी वाघोबाच. वाघबारशीला त्याची पूजा होते. मला तर वाटतं, या शेजाराचं खरं शास्त्र आधी त्यांना कळलं.

कारण शहाण्या माणसांनी मध्यंतरी मोठी चूक केली होती. बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि पकडून दूर सोडून यायचं. दिसायला किती सोयीचं! बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर वन विभागाची आकडेवारी तपासली. २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे उचलून दुसरीकडे सोडणं जोरात सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. मुंबईतही बाहेर पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते, आणि २००४ च्या एकट्या जून महिन्यात दहाच्या आसपास माणसं दगावली. अनोळखी मुलखात टाकलेल्या जनावराला पाणी कुठे, आडोसा कुठे, माणसं कुठून येतात-जातात, काहीच ठाऊक नसतं. ज्या जाणतेपणामुळे तो आपल्याला टाळतो, तोच आपण काढून घेतो.

शिवाय तो टाकलेल्या जागी राहतोच असं नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क नर रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. हे आजोबा रस्ते, रूळ, गावं ओलांडत महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या वेशीवर पोहोचले. वाटेत एकाही माणसाच्या अंगावर गेले नाहीत. २०११ मध्ये महामार्गावर कुठल्याशा वाहनाने त्यांना उडवलं.

हा शेजार बिनधोक आहे, असं मी म्हणणार नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेत एका चिमुकलीचा जीव गेला. त्या घराचं दुःख कुठल्याही आकडेवारीने हलकं होत नाही. पण धोका कुठे असतो ते आपल्याला माहीत आहे. लहान मूल किंवा अंधारात उघड्यावर शौचाला बसलेला माणूस बिबट्याला सावजाच्या उंचीचा दिसतो. म्हणून पाड्यापाड्यात दिवे आणि घराजवळ संडास ही त्या शेजाऱ्यांची हक्काची मागणी आहे, ती लावून धरायला हवी.

बाकीचं तुमच्या-माझ्या हातात आहे. कचरा उघडा टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. तिन्हीसांजेनंतर मुलांना झाडीकडे एकटं सोडू नका. अंधाऱ्या वाटेने जाताना मोबाइलवर गाणं लावा, मोठ्याने बोला. बिबट्या दिसलाच, तर गर्दी करू नका, त्याची वाट मोकळी ठेवा आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.