खोटें अरण्य आणि खरे सिंह

मूकपटांच्या काळीं अरण्यांतील साहसांच्या चित्रमालिका फार लोकप्रिय होत्या. नायिका सिंहाच्या तोंडाशीं सांपडली आहे, मागून शत्रु धांवत येत आहे, आणि नेमकें त्याच वेळीं चित्र थांबून पडद्यावर अक्षरें उमटत कीं, पुढील हकीगत पुढील भागांत पाहावी. प्रेक्षक चडफडत घरीं जात, आणि पुढील भागाच्या दिवशीं पुनः तिकिटाच्या खिडकीशीं येऊन उभे राहत. या मालिका कशा तयार होत, त्यांत खरें किती व खोटें किती, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावें म्हणून त्यांपैकीं एकीची माहिती आम्ही येथें देत आहों. हीच निवडण्याचें कारण असें कीं, तिची कथा हिंदुस्थानांत घडते. चित्रें मात्र अमेरिकेंत घेतलेलीं आहेत.

तिचें नांव ‘दि ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’. तिचीं एकंदर १३ प्रकरणें होतीं, आणि पहिलें २९ डिसेंबर १९१३ रोजीं प्रसिद्ध झालें. पुढचीं प्रकरणें पंधरा-पंधरा दिवसांनीं येत. तीच कथा हॅरल्ड मॅकग्राथ या कादंबरीकाराच्या लेखणीनें ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रांतही क्रमशः छापली जात होती. वाचलेलें पाहावें व पाहिलेलें वाचावें, अशी ही दुहेरी योजना होती. तिच्यामुळें त्या पत्राचा खप शेंकडा दहांनीं वाढला असें सांगितलें जातें. चित्रपट व वृत्तपत्र यांची सोयरीक याआधींही झाली होती. १९१२ सालीं एडिसनच्या कंपनीनें एका मासिकाशीं असाच करार केला होता. परंतु त्या मालिकेचें प्रत्येक प्रकरण स्वतंत्र व पुरें असे. नायिकेस संकटांत टाकून प्रेक्षकांस ताटकळत ठेवण्याची युक्ति ‘कॅथलिन’नें रूढ केली.

ही मालिका काढणारे विल्यम सेलिग हे शिकागोचे गृहस्थ. त्यांच्या धंद्याची रीत कळण्यास १९०९ सालची एक गोष्ट पुरे आहे. त्या वर्षीं माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठीं आफ्रिकेंत गेले होते. सेलिग यांनीं शिकागो येथील आपल्या चित्रशाळेंतच अरण्याचा देखावा उभा केला, रूझवेल्टसारखा दिसणारा एक नट आणला, शहरांतील काळ्या वर्णाच्या मजुरांस आफ्रिकेंतले हमाल केलें, आणि एक सिंह विकत घेऊन त्यास कॅमेऱ्यापुढें खरोखरच गोळी घातली. चित्रपट खूप चालला. खुद्द आफ्रिकेंतील शिकार आपण पाहत आहों, अशी पुष्कळ प्रेक्षकांची समजूत झाली. त्या मुक्या जनावराचा जीव एका लटक्या शिकारीपायीं गेला, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते.

त्यानंतर सेलिग यांनीं सिंह, वाघ, चित्ते, हत्ती असा मोठा संग्रह जमविला आणि तो लॉस एंजेलिस येथें ठेवला. तें शहर निवडण्याचें मुख्य कारण ऊन. त्या वेळची फीत मंद असे. तिच्यावर चित्र उमटण्यास भरपूर प्रकाश लागे. म्हणून बहुतेक देखावे उघड्यावर, डोक्यावर पातळ पांढरें कापड ताणून, म्हणजे कडक सावल्या पडूं नयेत अशा बेतानें घेत. शिवाय त्या फितीस लाल रंग काळा दिसे व निळें आकाश पांढरें पडे. त्यामुळें नटांच्या चेहऱ्यांवरील रंगही त्या हिशेबानें लावावा लागे.

श्वापदांचे देखावे घेण्यासाठीं उंच कुंपणाचें आवार करीत, आणि जाळी दिसूं नये म्हणून तिच्यापुढें झाडें व तोडलेल्या फांद्या उभ्या करीत. कॅमेरा हातानें फिरवावा लागे. दांड्याचे सेकंदास दोन फेरे, प्रत्येक फेऱ्यास आठ चित्रें, म्हणजे सेकंदास सोळा चित्रें, असा साधारण हिशेब होता. हात लवकर चालला तर पडद्यावर सिंह मुंगीच्या पायांनीं चालल्यासारखा दिसे. मंदावला तर तो उड्या मारीत पळाल्यासारखा दिसे. तेव्हां सिंह आपल्याच रोखानें येऊं लागला तरी छायाचित्रकारास हाताची लय सोडतां येत नसे. जनावरांस शिकविणारे लोक चौकटीच्या बाहेर उभे असत. चित्र मुकें असल्यामुळें त्यांची मोठी सोय होई: ते मोठमोठ्यानें हाका मारीत, दरडावीत, चुचकारीत, आणि त्यांतलें एक अक्षरही पडद्यावर ऐकूं येत नसे. बोलपट आल्यावर ही सोय नाहींशी झाली.

जेथें धोका फारच मोठा, तेथें एक युक्ति करीत. कॅमेऱ्याच्या भिंगापुढें अर्धा पडदा लावून फितीच्या एका अर्ध्या भागावर सिंह घ्यावयाचा. मग फीत मागें गुंडाळून, पडदा दुसरीकडे लावून, राहिलेल्या अर्ध्या भागावर नटीस घ्यावयाचें. कॅमेरा मध्यें तसूभरही हलतां कामा नये. चित्र तयार झालें म्हणजे दोघें एकाच गुहेंत दिसत.

परंतु नायिका कॅथलिन विल्यम्स हिची कीर्ति झाली ती या युक्तीमुळें नव्हे. ती हिंस्र जनावरांजवळ प्रत्यक्ष जात असे. १९११ सालच्या ‘लॉस्ट इन दि जंगल’ या चित्रपटाच्या वेळीं एका चित्त्यानें तिच्या अंगावर झडप घालून तिच्या मस्तकास जखम केली होती. पडद्यावरील तिच्या मुद्रेंतली भीति केवळ अभिनयाची नसावी, असें आम्हांस वाटतें.

आतां कथेकडे वळूं. कर्नल हेअर हा अमेरिकन जनावरें पकडण्याच्या धंद्यानिमित्त ‘अल्लाहा’ नांवाच्या हिंदी संस्थानांत येतो. तेथें तो कैद होतो. त्याची मुलगी कॅथलिन त्याच्या शोधार्थ निघते, आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिच्या मस्तकावर तेथील राजमुकुट ठेवण्यांत येतो. पहिल्या प्रकरणाचें नांवच ‘नकोसें सिंहासन’ या अर्थाचें आहे. असें संस्थान नकाशावर कोठेंही नाहीं. दुष्ट राजपुरुषाचें नांव ‘उंबाला’. इंग्रज लोक त्या वेळच्या पंजाबांतील अंबाला शहराचें नांव ज्या रीतीनें लिहीत, तेंच हें नांव. आपल्याकडे कोणीं कथा लिहून खलपुरुषास ‘श्रीयुत मँचेस्टर’ म्हणावें, तसा हा प्रकार! हें सोंग चार्ल्स क्लॅरी या अमेरिकन नटानें घेतलें होतें. एका प्रकरणांत सिंहाचें मंदिर आहे. वास्तविक त्या वेळीं हिंदुस्थानांत सिंह उरले होते ते काठेवाडांतील गीरच्या रानांत, आणि तेही थोडे.

अमेरिकेंतील एखाद्या लहान गांवच्या प्रेक्षकास हे दोष कसे कळावेत? त्यानें हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, आणि पाहण्याचा संभवही नव्हता. समोरचा सिंह खरा, हत्ती खरा, नायिकेची भीति खरी. तेव्हां आसपासचा देशही खराच असला पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें तर त्यास फारसा दोष देतां येत नाहीं. येथील लोक क्रूर, राजे कपटी व बायका निराधार, ही समजूत तो चित्रगृहांतून घरीं घेऊन गेला. अशा मालिकांतील लबाडीचा हा भाग आम्हांस मेलेल्या सिंहाइतकाच गंभीर वाटतो.

त्याच १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ३ मे रोजीं लोकांपुढें आला होता. दादर येथील जागेंत त्यांनीं तो तयार केला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाहीं, म्हणून ती साळुंके नांवाच्या पुरुषाकडून करविली. बाहेरचे देखावे घेण्यास ही मंडळी वांगणीस गेली, तेव्हां ढालीतलवारी घेतलेले हे लोक दरोडेखोर असावेत असें समजून गांवकऱ्यांनीं पोलिसांस वर्दी दिली, अशी आख्यायिका आहे. लॉस एंजेलिसमधील कोणाही माणसास ‘अल्लाहा’च्या शिपायांविषयीं असा संशय आला नसावा.

पुढें अशा मालिकांचें पेंव फुटलें. १९२१ सालीं टारझनवर १५ भागांची मालिका निघाली. मुंबईच्या चित्रगृहांतही अमेरिकन मालिका पुष्कळ येत, आणि आपल्याकडील तरुण त्या आवडीनें पाहत. सेलिग यांचें मात्र फार दिवस चाललें नाहीं. शेंकडों जनावरांच्या खाण्याचा खर्च चित्रपट निघो वा न निघो रोजचा होता. १९१८ च्या सुमारास कंपनी बंद पडली.

त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे भडकन पेट घेणारी, आणि न जळली तरी कालांतरानें कुजून पूड होणारी. त्यामुळें ‘कॅथलिन’चीं बहुतेक प्रकरणें आज नष्ट झालीं आहेत. पहिलें प्रकरण नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथील चित्रसंग्रहांत जतन केलेलें आहे. तें पाहणाऱ्यास कॅथलिन सिंहासनापर्यंत पोहोंचलेली दिसते. पुढचें त्यास मॅकग्राथच्या कादंबरींत वाचावें लागतें.