चित्राच्या आधी जन्मलेलं संगीत

एर्नो रापे हा हंगेरीतून अमेरिकेत गेलेला संगीतकार. मूकपटांच्या काळात न्यूयॉर्कच्या बड्या चित्रपटगृहांतले वाद्यवृंद तो चालवत असे. 1924 साली त्याने पियानो आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्वरलेखन होतंच, पण खरी करामत होती समासात. पानांच्या कडेला 52 भावना आणि प्रसंगांची यादी, आणि कशासाठी कोणतं पान काढायचं त्याचे आकडे. लढाई, पाठलाग, आगगाडी, अंत्ययात्रा, अधीरता, पावित्र्य, विमान. पडद्यावर घोडे उधळले की वादकाने नजर समासाकडे टाकायची आणि झटकन पान काढायचं. यादीत ‘एकसुरीपणा’ हाही एक प्रसंग होता! आणि ‘ओरिएंटल’ या एकाच शब्दात अख्खा पूर्वेकडचा मुलूख बसवला होता.

यातली विलक्षण गोष्ट अशी की, दुःखाचं संगीत लिहून तयार होतं, पण दुःख कुणाचं हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. चित्रपटाचा संगीतकार एरवी प्रसंग पाहून चाल बांधतो. इथे चाल आधी, प्रसंग नंतर, कदाचित वीस वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच खंडात. या प्रकाराला प्रॉडक्शन म्युझिक किंवा लायब्ररी म्युझिक म्हणतात. टीव्हीवरच्या जाहिराती, माहितीपट, क्रीडाप्रक्षेपण, यूट्यूबचे व्हिडिओ यांच्या पाठीमागे जे वाजत असतं आणि ज्याच्या कर्त्याचं नाव आपल्याला कधीच कळत नाही, त्यातलं बरंचसं हेच.

लंडनची डी वुल्फ ही कंपनी 1909 पासून या धंद्यात आहे. मेयर डी वुल्फ या डच संगीतकाराने ती मूकपटांना स्वरलेखनाची पानं पुरवण्यासाठी काढली. बोलपट आले तशी पानांची जागा ध्वनिमुद्रणांनी घेतली. 1960 च्या दशकात केपीएम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या साध्या हिरव्या वेष्टनातल्या रेकॉर्ड स्टुडिओंमधून फिरू लागल्या. त्या दुकानात विकायला नसत. दिग्दर्शकाने ऐकायच्या, हवा तो तुकडा उचलायचा आणि पैसे भरायचे, एवढ्यासाठीच त्या होत्या. ब्रिटिश वादकांच्या संघटनेचा अशा मुद्रणांना विरोध होता. एकदा मुद्रित केलेलं संगीत पुन्हापुन्हा वापरलं गेलं तर वादकांना नवं काम कोण देणार, ही भीती रास्तच होती. त्यामुळे लंडनचे वादक कलोन, ब्रसेल्स अशा शहरांत जाऊन वाजवत आणि ते संगीत रेकॉर्डवर बसून लंडनला परत येई.

अशा रेकॉर्डवरच्या सुरावटींचं नशीब पाहण्यासारखं आहे. जॉनी पिअरसनची ‘हेवी अॅक्शन’ ही सुरावट ब्रिटिश प्रेक्षकाला बीबीसीच्या ‘सुपरस्टार्स’ या क्रीडा कार्यक्रमाची वाटते. अमेरिकन प्रेक्षकाला मात्र ती ऐकताच सोमवारच्या रात्रीचं टीव्हीवरचं फुटबॉल आठवतं. दोघेही ती आपलीच समजतात आणि दोघांचंही खरं आहे. नील रिचर्डसनची ‘अप्रोचिंग मेनेस’, म्हणजे जवळ येणारं संकट, 1972 पासून बीबीसीच्या ‘मास्टरमाइंड’ या प्रश्नमंजूषेत वाजते आहे. संकट कसलं, तर काळ्या खुर्चीत बसून प्रश्नांची उत्तरं द्यायचं! यान स्टूकार्ट या डच संगीतकाराने जॅक ट्रॉम्बी या टोपणनावाने डी वुल्फसाठी ‘आय लेव्हल’ लिहिली. ती ‘व्हॅन डर व्हाल्क’ या मालिकेचं शीर्षकसंगीत झाली आणि 1973 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. फडताळात पडून राहायचं संगीत लोक दुकानात जाऊन विकत घेऊ लागले.

सगळ्यात मजेचा किस्सा ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या 1975 च्या विनोदी चित्रपटाचा. नील इनसने त्यासाठी लिहिलेलं बरंचसं संगीत शेवटी बाजूला पडलं आणि जागोजागी डी वुल्फच्या साठ्यातलं भारदस्त, वीरश्रीचं संगीत आलं. मला ते तंतोतंत पटतं. ज्या संगीताला आपण विनोदात वाजतोय हे माहीतच नाही, ते इतक्या गांभीर्याने वाजतं की समोरचा वेडेपणा दुप्पट होतो. भयपटांनाही या फडताळाने पोसलं. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ला (1968) पैसे कमी होते, म्हणून संगीत कॅपिटल कंपनीच्या हाय-क्यू या साठ्यातून घेतलं. हॅना-बार्बेराच्या सुरुवातीच्या कार्टूनपटांनाही त्याच साठ्याने संगीत पुरवलं होतं.

आता हे सगळं चालतं कसं, ते पाहू. कोणत्याही मुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने निदान दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी ते विशिष्ट मुद्रण, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. एखादं गाजलेलं गाणं जाहिरातीत वापरायचं तर रचनेच्या मालकाकडून चित्राला संगीत जोडण्याचा परवाना, म्हणजे सिंक लायसन्स, आणि मुद्रणाच्या मालकाकडून वेगळी परवानगी लागते. दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की काम अडलं. लायब्ररीकडे बहुतेक वेळा दोन्ही हक्क असतात. म्हणून एकाच कागदावर सही होते आणि संध्याकाळपर्यंत जाहिरात तयार होते. बाखची रचना आज कुणाच्याच मालकीची नाही, पण गेल्या वर्षी कुणी ती वाजवून मुद्रित केली असेल तर ते मुद्रण फुकट नाही. इथे भलेभले फसतात.

पूर्वी हिशेब सुईवर होता. रेकॉर्डवर सुई टेकवली की एक वापर, एक शुल्क. इंग्रजीत त्याला ‘नीडल ड्रॉप’च म्हणत. पुढे वाहिन्यांसाठी वर्षाचे ठोक करार आले. इंटरनेटनंतर ‘रॉयल्टी-फ्री’चं पेव फुटलं. याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की ठरलेल्या अटींत दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, इतकाच अर्थ. केव्हिन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराने मात्र आपलं पुष्कळ संगीत फक्त नाव द्या या अटीवर खुलं केलं. ‘मंकीज स्पिनिंग मंकीज’ हे नाव तुम्हाला अनोळखी असेल, पण मांजरांच्या व्हिडिओंवरची ती बागडती बासरी तुम्ही नक्की ऐकलेली आहे.

रचनेतही एक कसब आहे. मुख्य तुकड्याबरोबर तीस आणि पंधरा सेकंदांच्या आवृत्त्या देतात. ढोल वेगळे, तंतुवाद्यं वेगळी अशी मुद्रणंही देतात, म्हणजे निवेदन सुरू झालं की संकलक मधली वाद्यं काढून टाकू शकतो. गाण्यासारखी ठसठशीत चाल इथे अनेकदा अडचणीची ठरते, कारण ती निवेदकाशी भांडते. पण सगळेच असं बेतास बात लिहू लागले की सगळ्या जाहिराती एकाच युकुलेलेवर हसू लागतात. म्हणूनच वेगळा, ओळखू येणारा आवाज असलेल्या साठ्यांना मागणी आहे. डेलिया डर्बीशायर आणि ब्रायन हॉजसन या संगीतकारांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस टोपणनावांनी केलेले इलेक्ट्रॉनिक तुकडे आज संग्राहक शोधत फिरतात.

आपल्याकडे ‘दहा सेकंद वापरलं तर चालतं’ असं लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यापासून लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत सगळे सांगतात. भारतीय कायद्यात असा सेकंदांचा कुठलाही नियम नाही. उलट 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेली दुरुस्ती संगीतकार, गीतकार आणि वादकांच्या बाजूने आहे. चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वापरलं गेलं तर मिळणारा रॉयल्टीचा वाटा संगीतकार-गीतकारांना निर्मात्याच्या नावावर लिहूनच देता येत नाही. व्यापारी वापरासाठी वाजवणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्कही त्यात मान्य केला आहे.

परदेशी साठ्यांत ‘इंडिया’ असं शोधलं की बहुधा सतार आणि तबला पुढे येतो. हलगी, संबळ, चौंडकं, तारपा यांचे आवाज क्वचितच. ज्यांच्याकडे चांगला माइक आहे आणि ज्यांच्या गावात हलगी वाजवणारे हात आहेत, त्यांनी हे मुद्रण करावं. मात्र पहिल्या दिवशीच कागद करावा: वाजवणाऱ्याचं नाव, त्याचा वाटा, आणि मुद्रण कुठे, किती वर्षं, कशासाठी वापरता येईल ते. लोकधून सगळ्यांची असते, पण तिचं मुद्रण करताना घाम गाळणारा माणूस एकच असतो. त्याला एकदाच्या हजेरीवर वाटेला लावू नका.