नकाशावरील रंग कितपत भरवशाचा ?

दिनांक १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा अवर्षणाशी सतत झुंजत आला आहे. सन २०१२-१३ मधील टंचाईच्या झळा येथील गावांनी विशेष तीव्रतेने सोसल्या. अशा जिल्ह्यात भूजलाचा नकाशा केवळ अभ्यासकांपुरता राहत नाही. विंधन विहीर घ्यावी किंवा कसे, मोसंबीची बाग उन्हाळ्यात तगेल काय, अशा प्रश्नांशी त्याचा थेट संबंध येतो. आता असे नकाशे संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर रंगीत स्वरूपात दिसतात. ते नेटके दिसतात, म्हणून खरेही वाटतात.

वस्तुतः प्रत्यक्ष मोजणी होते ती निवडक निरीक्षण विहिरींची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्यांतील पाण्याची पातळी नोंदविते. दोन विहिरींमधील प्रदेशाचा रंग मात्र संगणक गणिताने भरतो. गाळाच्या सपाट प्रदेशात हे अनुमान बरेचसे जुळते. जालन्याची भूमी काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांची असून पाणी साठते ते मुरमात, भेगांत व सच्छिद्र थरांत. बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हा अनुभव येथील शेतकऱ्यास नवा नाही. त्यातच जालना तालुक्यातील कडवंची येथे पाणलोट विकासाची व शेततळ्यांची मोठी कामे झाली आहेत. तेथील विहिरीवरून दूरच्या गावाचे अनुमान बांधणे धाडसाचेच ठरेल.

कागदी नकाशे तयार करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत जेथे उंचीची मोजणी पक्की नसे, तेथे रेषा अखंड न काढता तुटक काढण्याचा प्रघात होता. पडद्यावरील नकाशात असा भेद दाखविण्याचे अनेक मार्ग आहेत. खात्री कमी तेथे रंग फिका करणे हा सोपा उपाय. परंतु भूजलाच्या नकाशात फिका रंग म्हणजे पाणी कमी, असा समज सहज होऊ शकतो. त्यापेक्षा अनुमानाच्या भागावर तिरप्या रेघा ओढणे व मोजलेल्या विहिरी ठळक ठिपक्यांनी दाखविणे अधिक उचित होय. माहितीच नाही, तो भाग कोरा ठेवण्यासही संकोच नसावा.

आणखी एक अडचण कागदावर नव्हती. पडद्यावरील नकाशा बोटांनी ताणून एका गटापर्यंत मोठा करता येतो; विहिरींची संख्या मात्र तेवढीच राहते. म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडे रंग नाहीसा व्हावा आणि त्या जागी सर्वांत जवळची निरीक्षण विहीर किती अंतरावर आहे व तिची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढेच दिसावे. भोकरदन किंवा मंठ्याच्या शेतकऱ्यास स्वतःच्या विहिरीची पातळी त्या नोंदीशी ताडून पाहता येईल, आणि दोहोंत फार तफावत आढळल्यास बोअरचा खर्च करण्यापूर्वी भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी करून घेता येईल.