शिक्षा नेमकी कशाची?

अरुंधती रॉय एक दिवस तुरुंगात होत्या, हे पुष्कळांना आठवतं. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, ‘नर्मदा आंदोलनासाठी’. ते तितकंसं बरोबर नाही.

१९९७ साली त्यांच्या कादंबरीला बुकर मिळालं. १९९९मध्ये त्यांनी सरदार सरोवराविरुद्ध दीर्घ लेख लिहिला. या धरणाच्या बुडितात आपल्या नंदुरबारचीही ३३ गावं येतात. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी रॉय यांच्यावर कडक टीका केली. अशा अतिशयोक्तीनं आंदोलनाचंच नुकसान होतं, असा त्यांचा आक्षेप. म्हणजे लेखाला उत्तर लेखानं.

ऑक्टोबर २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरणाचं काम पुढे नेण्यास परवानगी दिली. डिसेंबरात न्यायालयासमोर निदर्शनं झाली आणि काही वकिलांनी रॉय, मेधा पाटकर व प्रशांत भूषण यांच्यावर अवमान याचिका केली.

आता बघा, त्या याचिकेवरून कुणालाच शिक्षा झाली नाही. पण उत्तरादाखलच्या प्रतिज्ञापत्रात रॉय यांनी लिहिलं, की असल्या याचिकेवर नोटीस काढण्यातून टीका दडपण्याचा न्यायालयाचा कल दिसतो. या मजकुरावर न्यायालयानं स्वतःहून कारवाई केली. ६ मार्च २००२ रोजी शिक्षा झाली : एक दिवस कैद, २,००० रुपये दंड.

म्हणजे शिक्षा धरणाबद्दलच्या लेखाची नव्हती, निदर्शनांचीही नव्हती. ती होती न्यायालयाच्या हेतूवर शंका घेतल्याची. लेखिका चूक की बरोबर, यावर आपण खुशाल भांडू. पण ही शंका नागरिकानं घ्यायची की नाही, हा प्रश्न तुमचा-माझाही आहे.