कोंड्याबरोबर काय गेले?

वऱ्हाडी माणसाचे भाताशी नाते जावयासारखे होते. सणावारी यावे, मानपान घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावी परत जावे. रोजचा संसार चालवायची ती ज्वारीची भाकरी. आमच्या अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीत राज्य कापसाचे, ज्वारीचे आणि तुरीचे. मेळघाटातले थोडेसे धान सोडले तर तांदूळ यायचा तो पार पूर्वेकडून, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या बाजूने. पण गेल्या दोन पिढ्यांत हा जावई घरजावई झाला आहे. शहरात कुकरची शिट्टी रोज वाजते आणि खेड्यात शिधापत्रिकेवर तांदूळ मिळतो. जो घरातच राहायला आला, त्याची चौकशी करणे आता गृहिणींना भाग आहे.

किराणा दुकानात आपण तांदूळ कसा घेतो ते आठवा. दुकानदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो. बारीक आहे, पांढरा आहे, कणी नाही, एवढे पाहिले की आपली मान हलते. आमच्याकडे 'एचएमटी' हे नाव घरोघर झाले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1983 च्या सुमारास आपल्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, वाढवल्या आणि त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्या वाणाला दिले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने तो प्रसारित झाला. दादाजी 2018 साली गेले. त्यांचा दाणा आपल्या ताटात आहे. दाणा उत्तम, यात शंका नाही. पण शेतातून ताटात येईपर्यंत त्याचे काय काय होते, हा खरा प्रश्न आहे.

धानाच्या दाण्यावर सर्वांत बाहेर तूस असते. ते माणसाच्या कामाचे नाही. त्याच्या आत तांबूस कोंड्याचा पातळ थर, एका टोकाला इवलासा अंकुर आणि मध्ये पांढरे पीठ. निसर्गाने आपला खजिना कोंड्यात आणि अंकुरात ठेवला, आणि गिरणीने नेमका तोच खरवडला! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेले तक्ते पाहा. 100 ग्रॅम बिनसडीच्या तांदळात मॅग्नेशियम सुमारे 94 मिलिग्रॅम, पांढऱ्या तांदळात अवघे 19. लोह 1 मिलिग्रॅमवरून 0.65 वर येते. जीवनसत्त्व 'ब-1' तर 0.27 वरून 0.05 वर, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. आणि आपली ज्वारी? तिच्यात लोह जवळजवळ 4 मिलिग्रॅम, पांढऱ्या तांदळाच्या सहापट! भाकरीच्या जागी भात आला तेव्हा ताटातून काय उठून गेले, ते या एका आकड्यावरून कळावे.

पॉलिशचा दोष जगाला प्रथम सांगितला तो कोंबड्यांनी. 1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लटपटू लागल्या. त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घालत असत. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना का म्हणून, असे म्हणून त्याने तो बंद केला. त्या साध्या, बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या आणि चक्क बऱ्या झाल्या! त्या आचाऱ्याच्या शिस्तीतून जीवनसत्त्वांच्या शास्त्राला वाट मिळाली आणि आइकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे हाच धागा वर्ध्यात उचलला गेला. 1934 च्या अखेरीस तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत घाणीच्या तेलाबरोबर हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार सुरू झाला. गांधीजींनी पॉलिशच्या तांदळावर वारंवार टीका केली. 1958 साली तर तांदळाच्या गिरण्यांवर नियंत्रण आणणारा कायदाही देशात झाला. पण उखळ-मुसळ मागे पडले ते पडलेच. सडून सडून ज्यांच्या हातांना घट्टे पडले होते, त्या बायकांना गिरणीचा भोंगा गोड वाटला असेल तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

इतके वाचून कुणी म्हणेल, मग काय, उद्यापासून बिनसडीचाच तांदूळ आणावा! जरा थांबा. कोंड्यात खजिना आहे तसा चोरही लपतो.

भातशेतीत पाणी साचून राहते. अशा हवाबंद चिखलात मातीतले आर्सेनिक, म्हणजे ज्याला आपण सोमल म्हणतो त्या जातीचे विष, मोकळे होते. धानाचे मूळ सिलिका शोषून घेते आणि त्याच दाराने हा पाहुणाही आत शिरतो. कोरडवाहू ज्वारीवर ही आफत सहसा येत नाही. दाण्यात पोचलेले हे विष कोंड्यात अधिक साठते. म्हणून अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स मंडळाने पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, तर बिनसडीच्या तांदळासाठी 0.35 मिलिग्रॅम ही असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा ठरवली. म्हणजे ज्या पॉलिशने लोह नेले, त्यानेच विषाचा काही भागही नेला. प्रत्येक तांदळात हे विष धोक्याइतके असते असे मुळीच नाही. ते शेताच्या मातीवर आणि पाण्यावर अवलंबून. पण पोत्यावर शेताचा पत्ता नसतो.

मधला मार्ग आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. तो म्हणजे उकडा तांदूळ, पूर्व विदर्भात ज्याला उष्णा म्हणतात. धान तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडले की 'ब-1' कोंड्यातून सरकून दाण्याच्या आत मुरते आणि गिरणीच्या हाती कमी लागते. कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या आंध्र किनारपट्टीवर बेरीबेरी होता, आणि उकडा खाणारे त्यातून बरेचसे वाचले, हे या शतकांच्या शहाणपणाचे प्रमाणपत्र होय.

आता चुलीपाशी येऊ. भात वेळावा की आटवावा, हा सासू-सुनांचा जुना वाद आहे, आणि मौज अशी की दोघींचेही बरोबर आहे! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे सहा ते दहापट पाण्यात भात शिजवून पाणी काढले तर असेंद्रिय आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होते. मात्र वरून मिसळलेली जीवनसत्त्वे आणि लोहही त्याच पाण्याबरोबर निघून जातात. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली यावर तोड सांगितली. तांदूळ चौपट उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा, ते पाणी फेकावे, मग दुप्पट ताजे पाणी घालून मंद आचेवर आटवावा. त्यांच्या प्रयोगात पांढऱ्या तांदळातले 73 टक्के आणि बिनसडीच्या तांदळातले 54 टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेले.

मात्र हे सारे पाणी चांगले असेल तर! दाणा शिजताना पाण्यातले चांगले-वाईट दोन्ही पितो. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तेथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. त्या पाण्यात कितीही वेळा भात धुतला तरी शुद्ध व्हायचा नाही. म्हणून तेथे पाइपाने आलेले गोडे पाणी आधी स्वयंपाकाला ठेवावे, मग बाकीच्या कामाला.

राहिला रेशनचा तांदूळ. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली आणि 2024 पर्यंत तो देशभर पोचवण्यात आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि 'ब-12' मिसळून दाण्यासारखे दाणे पाडायचे आणि साधारण शंभर दाण्यांत एक मिसळायचा, अशी ही रीत. कित्येक गावांत 'हा प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून बायकांनी ते दाणे निवडून फेकले. ते फेकू नयेत. असा तांदूळ घरी आला तर तो मोजक्या पाण्यात आटवावा, वेळू नये. घरात कुणाला थॅलेसेमिया वा सिकलसेलचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावे. विदर्भात सिकलसेल अपरिचित नाही.

हा प्रश्न चवीपुरता नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या घरात भाजी, डाळ, दूध सारे आहे तेथे पांढऱ्या भाताने फारसे बिघडत नाही. ज्या घरात भात आणि तिखट एवढेच ताट आहे, तेथे कोंड्याबरोबर गेलेला प्रत्येक कण हिशेबात धरावा लागतो.

म्हणून माझ्या मते उत्तम तांदूळ शोधत हिंडण्यापेक्षा ताट उत्तम करावे. एक वेळ ज्वारीची भाकरी असावी. भात असेल तेव्हा वर घट्ट वरण आणि लिंबाची फोड हवी, कारण लिंबाने अन्नातले लोह अंगी लागते. तांदूळ आलटून पालटून आणावा, कधी उकडा, कधी कमी सडीचा, कधी पांढरा. तान्ह्या मुलाला वरचे अन्न म्हणून नुसती भाताची पेज रोज देऊ नये. तीत नाचणी, मूग यांची पाळी लावावी. एवढे घरात सांभाळले तर दिवाळीच्या पंक्तीला वाढलेल्या पांढऱ्याशुभ्र साखरभाताला कुणी नावे ठेवण्याचे कारण नाही. तो खुशाल दोनदा मागून घ्यावा!