जिप्सीची घरघर कोठून येते?

ताडोबाच्या जंगलांत प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या लहान, उंच गाड्या आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. त्यांतील मारुती जिप्सी ही गाडी भारतांत १९८५ सालीं आली, १९९६ सालीं तिला १.३ लिटरचें इंजिन मिळालें, आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठीं तिची विक्री थांबली. त्यामुळें आज रस्त्यावर दिसणारी जिप्सी बहुधा जुनीच असते, आणि तिच्या मालकाची नेहमींची तक्रार असते कीं, "गाडी फार आवाज करते."

या तक्रारीवर दोन सोपे उपाय केले जातात, आणि दोन्ही घातक आहेत. पहिला असा कीं, आवाज ऐकतांच अंदाजानें एखादा महागडा भाग बदलून टाकावयाचा. पैसे जातात, आवाज तसाच राहतो. दुसरा असा कीं, आवाज कसाबसा दाबून टाकावयाचा. जुन्या गाड्या विकणारे कांहीं लबाड लोक पूर्वीं गिअरबॉक्समध्यें लाकडाचा भुसा घालीत. त्यामुळें घरघर कांहीं दिवस ऐकूं येत नसे, परंतु आंतील झीज चालूच राही. आवाज ही झिजणाऱ्या भागाची साक्ष आहे. साक्षीदाराचें तोंड बंद करण्यापूर्वीं त्याची नीट उलटतपासणी झाली पाहिजे.

त्यासाठीं प्रथम शक्तीचा मार्ग समजून घेऊं. इंजिनाची गति क्लचमधून गिअरबॉक्समध्यें जाते. पुढील व मागील चाकांना शक्ति वांटून देणारी जी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, ती पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. जिप्सींत ती वेगळी असून चौकटीवर तीन रबरी आधारांनीं बसविलेली असते, आणि एक आखूड शाफ्ट तिला गिअरबॉक्सशीं जोडतो. तिच्यांतून एक लांब शाफ्ट मागील आंसाकडे व दुसरा पुढील आंसाकडे जातो. तेथें डिफरेन्शिअलमधील दांतेरी चाकें ती गति गाडीच्या चाकांकडे वळवितात.

येथें या गाडीचा एक विशेष ध्यानांत ठेवावा. कित्येक गाड्यांत ट्रान्सफर केसचा दांडा नेहमींच्या, म्हणजे 'हाय'च्या, जागीं असतां शक्ति दांत्यांवर न पडतां सरळ पार जाते. १.३ लिटरच्या जिप्सींत मात्र 'हाय'मध्येंसुद्धां ती दांतेरी चाकांमधूनच जाते, १.४०९ फेरे आंत गेले म्हणजे एक फेरा बाहेर येतो. म्हणून थोडी गुणगुण हा या गाडीचा स्वभावच समजावा. चौकशी करावयाची ती नव्या, वाढत्या किंवा बदललेल्या आवाजाची.

गणिताच्या विद्यार्थ्यांस येथें एक चांगलें उदाहरण मिळतें. २०५/७० आर १५ या मापाच्या टायरचा घेर सुमारें २.१ मीटर असतो. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. तेव्हां चाक मिनिटाला सुमारें ४७६ फेरे घेतें. डिफरेन्शिअलचें प्रमाण ३.९०९ धरल्यास लांब शाफ्ट सुमारें १८६० फेरे घेतो, आणि आखूड शाफ्ट त्याच्या १.४०९ पट, म्हणजे सुमारें २६२०. सेकंदाचा हिशेब केला तर चाकाचे ८, लांब शाफ्टचे ३१ आणि आखूड शाफ्टचे ४४ फेरे होतात. म्हणून चाकाचा किंवा टायरचा वांकडेपणा वेगळ्या ठोक्यांसारखा जाणवतो. शाफ्टचा दोष सलग थरथरीसारखा वाटतो. आणि दांत्यांचा आवाज, एका फेऱ्यांत अनेक दांते एकमेकांस भिडत असल्यामुळें, उंच सुरांत ऐकूं येतो.

आतां तपासणी. तिचा नियम प्रयोगशाळेंतलाच आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललें तें लिहून ठेवावें.

प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावे व इंजिन चालू करून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. क्लच दाबतांच आवाज थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर येतो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर तो बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. नंतर ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलमध्यें ठेवून गिअरबॉक्सचा चौथा गिअर टाकावा व क्लच सोडावा. आतां आखूड शाफ्ट व ट्रान्सफर केसचा पुढील भाग फिरतो, लांब शाफ्ट फिरत नाहींत. येथें नवा आवाज आला तर शोधाचें क्षेत्र निम्म्यानें कमी झालें. सावधगिरी इतकीच कीं, हा दांडा न्यूट्रलमध्यें असतांना गाडी गिअरमध्यें असली तरी ती उतारावर घसरूं शकते; म्हणून ठोकळे काढूं नयेत.

नंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर येतांच आवाज बदलला, तर दोष टायरचा असण्याचा संभव अधिक. चौथ्या गिअरमध्यें शक्ति गिअरबॉक्समधून सरळ जाते. तेथें शांत असलेली गाडी इतर गिअरमध्यें ओरडली, तर गिअरबॉक्स तपासावा. वेग देतांना येणारा व पाय उचलतांच बदलणारा हुंकार बहुधा डिफरेन्शिअलच्या दांत्यांचा असतो. दोन्ही वेळां सारखी राहणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. डावीकडे वळतांना गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हां घरघर वाढली तर उजव्या बाजूच्या चाकाचें बेअरिंग पाहावें. गाडी सुरू करतांना 'खट्' असा आवाज आला, तर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमधील, मेकॅनिक ज्यास 'क्रॉस' म्हणतात तो भाग झिजला असावा.

निदान झाल्यावर उपायही स्वस्तापासून महागाकडे करावे. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरेन्शिअल यांतील तेलाची पातळी आधीं पाहावी, आणि उत्पादकानें सांगितलेल्या प्रतीचेंच तेल घालावें. तेलांत धातूचे चकचकीत कण दिसले, तर आंत कांहीं झिजत आहे असें समजावें. शाफ्टच्या क्रॉसमध्यें ग्रीस भरावें, सैल बोल्ट आवळावे. ट्रान्सफर केसचे तीनही रबरी आधार फाटले किंवा बसले असल्यास बदलावे; त्यांच्यामुळें आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि थरथर सुरू होते. शाफ्ट काढून पुन्हां बसवितांना त्याच्या दोन्ही टोकांच्या कड्या एकाच पातळींत येतात कीं नाहीं हें पाहावें. डिफरेन्शिअलचे दांते जुळविणें मात्र अनुभवी कारागिराकडेच सोंपवावें. हें सर्व झाल्यानंतर जी थोडी गुणगुण उरेल, तिच्यासाठीं जाड चटई घालण्यास व दांड्यांभोंवतालीं फाटलेलें रबर बदलण्यास हरकत नाहीं.

एक संवय मात्र आजच सोडण्यासारखी आहे. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर चारही चाकांची जोडणी चालू ठेवूं नये. वळणावर पुढील चाकांस मागील चाकांपेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें, आणि तो फरक सामावून घेणारी कोणतीही रचना जिप्सीच्या मधोमध नाहीं. तो सारा ताण टायरांवर व दांत्यांवर पडतो.

जिच्यावर एखाद्या कुटुंबाची रोजी चालते, त्या गाडीचा महिन्याचा आवाज वडिलांच्या कानांस इतका संवयीचा होतो कीं, तो वाढला हें त्यांना कळत नाहीं. शाळेंतून सुटीस घरीं आलेल्या मुलाला किंवा मुलीला तो लगेच जाणवतो. अशा वेळीं मुलानें विचारावें, आणि वडिलांनीं त्याला हंसून गप्प करूं नये. चाकाचें बेअरिंग घाटांत जाम होण्यापूर्वीं पुष्कळ दिवस घरघरत असतें. तें वेळेवर ऐकलें तर दुरुस्ती थोडक्यांत भागते, आणि गाडींत बसलेलीं माणसें सुखरूप घरीं येतात.