फोटोतला रॅप आणि उन्हातला रॅप

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास रेडियमचं एखादं तरी दुकान असतंच. नंबर प्लेट, 'आईचा आशीर्वाद', ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलांची नावं, टेम्पोच्या काचेवर वाघ. हे काम करणारी हुशार मुलं आता अख्ख्या गाडीच्या रॅपकडे, म्हणजे पूर्ण गाडीवर फिल्म चढवण्याकडे, वळू लागली आहेत आणि त्यांना शिकवणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळाही निघाल्या आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण या कार्यशाळांविषयी काही समज पक्के बसले आहेत. त्यापायी शिकणाऱ्याची फी वाया जाते आणि पुढे गिऱ्हाइकाच्या गाडीचं नुकसान होतं. बहुतेक समजांचं मूळ एकच आहे. रॅपिंगमधली चूक ज्या दिवशी होते, त्या दिवशी दिसत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली झकास दिसणारा बंपर काही आठवड्यांनी उन्हात कडा सोडतो आणि तेव्हा शिकवणारा जवळ नसतो.

'रेडियम लावता येतं, म्हणजे रॅप येतोच.'

रेडियमच्या कामात हाताला वळण लागलेलं असतं, हे खरं. पण त्या कामातली एक सवय रॅपमध्ये सरळ आड येते: साबणाचं पाणी फवारून स्टिकर सरकवत जागेवर बसवण्याची. रॅपच्या बहुतेक चांगल्या फिल्मच्या गोंदात हवा बाहेर जाण्यासाठी बारीक वाटा कोरलेल्या असतात. स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबत नेणारी पट्टी, फिरवली की हवा त्या वाटांनी कडेला निघून जाते. तिथे पाणी शिरलं की वाटा तुंबतात आणि गोंद नीट धरत नाही. म्हणून ही फिल्म कोरडीच लावायची. गोंधळ वाढतो तो पीपीएफमुळे. रंगाच्या रक्षणासाठीची ती पारदर्शक फिल्म पॉलियुरेथेनची असते, रॅपपेक्षा जवळपास दुप्पट जाड असते आणि पाण्यावरच लावली जाते. शेजारच्या दुकानात पीपीएफ ओली लावताना पाहिलेला मुलगा रॅपही तसाच लावायला जातो.

दुसरा फरक फिल्मच्या जन्मातला आहे. स्वस्त फिल्म गरम रुळांमधून दाबून पातळ केलेली असते. तिला कॅलेंडर्ड म्हणतात. दाबाखाली पसरलेलं प्लास्टिक पुढे ऊन लागलं की आक्रसायला बघतं. कास्ट फिल्ममध्ये पातळ पीव्हीसी कागदावर ओतून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिच्यात असा ताण उरत नाही आणि ती सुमारे ५० मायक्रॉनइतकी पातळ करता येते. दाराच्या सपाट पत्र्यावर दोन्ही फिल्म पहिल्या दिवशी सारख्याच दिसतात. आरशाच्या गोलाईवर आणि बंपरच्या खाचेत मात्र कॅलेंडर्ड टिकत नाही. खर्च वाचवायला सरावासाठी स्वस्त फिल्म देणारी कार्यशाळा विद्यार्थ्याच्या हाताला भलताच अंदाज लावते. पुढे खरी कास्ट फिल्म हातात आली की तो ती नको तितकी ताणतो.

'व्हिडिओत सगळं असतं. कार्यशाळा म्हणजे तेच समोर बसून बघायचं.'

फिल्म कशी धरायची, स्क्वीजी कोणत्या कोनात ठेवायची, हे व्हिडिओत दिसतं. किती दाब, किती उष्णता, किती ताण, हे दिसत नाही, कारण ते बोटांना कळायचं असतं. म्हणून 'प्रात्यक्षिकासह' या शब्दावर विसंबू नये. वीस जण, एक गाडी आणि एक शिक्षक असला तर अठरा जण नुसते उभे असतात. फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न साधे आहेत. प्रत्येकाला स्वतःचं बॉनेट मिळणार का? आरसा, दाराचं हँडल, बंपर यांतलं काय काय स्वतःच्या हाताने पूर्ण करायचं? किती मीटर फिल्म माझ्या वाट्याची? भंगारातून आणलेले बॉनेट आणि बंपर यासाठी उत्तम. पोचे नसावेत, बस्स.

प्रमाणपत्राचंही तसंच. थ्रीएम आणि एव्हरी डेनिसनसारख्या फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावाजलेल्या प्रमाणपत्रांसाठी परीक्षा द्यावी लागते आणि तीत हाताने काम करून दाखवावं लागतं. हजेरी लावली की मिळणारा कागद ही वेगळी चीज आहे. दोन-तीन दिवसांत कोणी कारागीर होत नाही. चांगल्या सवयींची सुरुवात मात्र होऊ शकते, आणि एवढं झालं तरी फी वसूल झाली असं मी मानतो.

'हीट गन हातात असली की सगळं जमतं.'

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. फिल्म सुरकुतली, लाव हीट गन. खाचेत बसेना, तापव आणि ओढ. नवख्याच्या हातून हीट गन काढून घेण्यासाठी एक प्रयोग पहिल्याच सकाळी करावा. कास्ट फिल्मची वीतभर पट्टी कापायची, तिच्यावर पेनाने एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या, दोघांनी दोन टोकं धरून ओढायची. चौकटी लांबट होतात, मधला रंग फिकट पडतो, चमक बदलते. आता त्याच पट्टीवर गरम हवा सोडायची. पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आखडत परत आपल्या जुन्या मापाकडे येते आणि लांबट चौकटी पुन्हा चौरस होऊ लागतात. फिल्मला तिचा मूळ आकार आठवतो, असं कारागीर म्हणतात. हे एकदा पाहिलं की पुढचं फार बोलावं लागत नाही. ओढून खाचेत बसवलेली फिल्म पार्किंगमध्ये उन्हात तापली की नेमकं हेच करणार.

त्यावर उपाय दोन. पहिला, खाचेच्या आसपास फिल्म सैल सोडायची आणि ती आत दाबायची. आधी काठ चिकटवून मग मधला भाग आत ओढला तर तिथे ताण अडकतो. दुसरा, काम झाल्यावर तो भाग पुन्हा तापवून फिल्मची ती 'आठवण' मोडायची. नामांकित कास्ट फिल्मसाठी यासाठीचं तापमान साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. नेमका आकडा त्या त्या फिल्मच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. हाताच्या अंदाजाने हे होत नाही, कारण ९० अंशांवर हात ठेवताच येत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, आणि तो शिक्षकाच्या खिशात असून भागत नाही, विद्यार्थ्याच्या हातात हवा. हीट गनची हवा पाच-सहाशे अंशांपर्यंत जाऊ शकते. पीव्हीसी जळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो, म्हणून शटर पाडून, खिडक्या बंद करून हा वर्ग घेऊ नये.

कार्यशाळेत मला आवडणारा एक धडा असा: बंपरची खाच रॅप करून तिचा अर्धाच भाग शेवटी तापवायचा, अर्धा तसाच सोडायचा, आणि बंपर दिवसभर उन्हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर न तापवलेल्या बाजूला फिल्म खाचेच्या तळापासून सुटून तंबूसारखी ताणलेली असते.

याच्याशी जोडलेला आणखी एक हट्ट आहे: बंपर एकाच तुकड्यात केला तरच खरा कारागीर. फोटोत हे भारी दिसतं. पण खोल खाचेचा वेगळा तुकडा आधी लावून त्यावर मुख्य फिल्मची कड काही मिलिमीटर चढवली, आणि जोड बंपरच्या मूळ रेषेत लपवला, तर तो बंपर जास्त टिकतो. जोड लपवण्यात कौशल्य आहे. ते शिकवायला वेळ लागतो, म्हणून घाईच्या कार्यशाळेत ते राहून जातं.

'सफाई काय शिकवायची? गाडी धुवून आणली की झालं.'

धुतलेल्या गाडीवर पॉलिशचा सिलिकॉन असतो, डांबराचे ठिपके असतात, आणि रबराच्या पट्टीखाली, पेट्रोलच्या झाकणामागे, चाकाच्या कमानीच्या आतल्या वळणावर चिखल असतो. फिल्म नेमकी याच जागांवर मुडपून आत घ्यायची असते. कड उचलली गेली तर दहापैकी नऊ वेळा मला तिथे गोंदाला चिकटलेली माती दिसते. डांबर आणि पॉलिश काढून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचा, साधारण ७०-३० प्रमाणात. एका फडक्याने पुसायचं आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपून घ्यायचं. नाहीतर मळ जागेवरच पुन्हा सुकतो.

पावसाळ्यात गाडी आदल्या दिवशी धुऊन रात्रभर आत ठेवावी, कारण फटींमधलं पाणी हीट गनच्या पहिल्या झोताबरोबर बाहेर येतं. उन्हाळ्यात अडचण उलटी: मे महिन्यात बाहेर उभ्या असलेल्या गडद गाडीचं बॉनेट साठ अंशांच्या पुढे जातं. त्यावर फिल्म टेकताक्षणी गोंद धरतो आणि उचलून पुन्हा लावायची सोय उरत नाही. गाडी आत घ्या, पत्रा निवू द्या, मग सुरुवात करा.

'ब्लेड हलक्या हाताने चालवलं की रंगाला काही होत नाही.'

इथे आकडे बोलतात. कंपनीतून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर सुमारे ४०-५०. रॅपची फिल्म गोंदासकट ८०-९०. म्हणजे फिल्म कापली गेली आणि ब्लेड केसभर पुढे गेलं की पारदर्शक थर चिरला. वर्ष-दोन वर्षांनी रॅप निघतो आणि दाराच्या कडेने एक सरळ रेघ दिसते. पत्र्यापर्यंत पोचली असेल तर गंजलेली. यासाठी दोन गोष्टी शिकवायच्या. एक, फिल्म तिच्या मागच्या कागदासकट टेबलावर ठेवून अशी कापायची, की कागदाला ओरखडा येईल पण तो तुटणार नाही. दुसरी, कापायच्या रेषेवर आधी धाग्याची टेप लावून वरून फिल्म चढवायची आणि मग तो धागा ओढून फिल्म चिरायची. रंगाजवळ ब्लेड न्यायचंच नाही.

आणि पातं मोडायचं. टोक मोडून नवं करता येणारं पातं ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६मध्ये बनवलं. चॉकलेटच्या वड्या जशा रेषेवर तुटतात, त्यावरून त्यांना ते सुचलं. आपल्याकडे मात्र तेच टोक आठवडाभर चालवतात. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की खोल जातं. काही कापांनंतर टोक मोडणं ही उधळपट्टी नाही, हे शिक्षकाने स्वतः करून दाखवावं.

'रॅपने रंग खराब होतो' आणि 'रॅपने खराब रंग झाकला जातो.'

हे दोन्ही समज एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू येतात. रंग बदलण्याच्या रॅपचा धंदा मुळात रंग जपण्याच्या गरजेतून वाढला. जर्मनीत टॅक्सी फिकट हस्तिदंती रंगाचीच हवी असा नियम होता. काळी किंवा चंदेरी मर्सिडीज घेऊन ती रंगवली तर पुढे विकताना भाव पडायचा. म्हणून १९९०च्या दशकात टॅक्सीवर हस्तिदंती फिल्म चढवायची आणि विकताना ती काढायची, ही पद्धत तिथे रुळली.

पण हे मूळ कंपनीच्या धडधाकट रंगापुरतं. पुट्टी मारून गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावरून फिल्म काढताना रंगही सोबत येऊ शकतो. नुकताच मारलेला रंग पूर्ण सुकला नसेल तर त्यातून निघणारी वाफ फिल्मखाली फुगे धरते. गंज, उडालेली पापडी, खडे लागून पडलेले टवके, यांवर तर फिल्म धरतही नाही, आणि त्यांचा उठाव वरून स्पष्ट दिसतो. म्हणून काम घेण्याआधी गाडीभोवती फिरून टकटक करून पुट्टी ओळखणं, रंगाच्या जाडीचं मीटर वापरणं आणि जे दिसलं ते गिऱ्हाइकाला लिहून देणं, हाही शिकवण्याचा भाग आहे. तसंच रॅप काढणंसुद्धा. हळूहळू गरम करत, पत्र्याला जवळपास लागून, सावकाश मागे ओढायचं. आधीच्या तुकडीने लावलेली फिल्म नव्या तुकडीने काढायची, अशी पद्धत ठेवली तर सरावाचे बॉनेटही मोकळे होतात आणि कुणी कुठे चुकलं तेही कळतं.

फिल्मच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट थोडक्यात. डब्यावर छापलेली वर्षं बहुतेक उभ्या पत्र्याची असतात. बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण सूर्याला थेट सामोरं असतं, तिथे ती बरीच कमी धरावी लागतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तर नक्कीच.

'रंग बदलला तरी स्टिकरच आहे, आरटीओचा काय संबंध?'

संबंध आहे. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. आरसीवरची माहिती आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नसेल तर मोटार वाहन कायदा, १९८८मधलं कलम ५२ आडवं येऊ शकतं. पूर्ण रंग बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आरटीओत नोंदवून घ्यायला आधीच सांगावं. सध्या फौजी हिरव्या रंगाची फार मागणी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. टॅक्सी, रिक्षा, बस यांवरच्या जाहिरातींना परवानगी लागते. काचांचं तर वेगळंच: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बंदी घातली. 'तेवढी काच पण करून टाक' असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. त्याला नाही म्हणायचं, आणि हेडलाइट, टेललाइट, नंबर प्लेट यांवर फिल्म चढवायची नाही, हे कार्यशाळेत फळ्यावर लिहून सांगावं.